घर विकावयाचे असल्याची वार्ता : प्रसिद्धी आणि प्रथमाधिकार यांचा इतिहास

धान्य, कापड, गुरे यांना बाजार असतो. घराला बाजार नसतो. विकावयाचे घर उचलून पेठेत मांडता येत नाही आणि विकणारा पुष्कळदा ते विकीत असल्याचे उघड होऊ देण्यास नाखूष असतो, कारण वाडवडिलांची वास्तू विकण्याची पाळी येणे हे आपल्या समाजात पडत्या काळाचे लक्षण मानले गेले आहे. म्हणून घराच्या व्यवहारात किंमतीइतकेच, किंबहुना किंमतीच्याही आधी, महत्त्व येते ते वार्तेला. अमुक घर विकावयाचे आहे हे कोणाला कळते, केव्हा कळते आणि कोणाला मुळीच कळत नाही, यावर ते कोणाच्या हाती जाणार हे बरेचसे ठरून जाते. आज घर शोधणारा मनुष्य संगणकावरील जाहिरातींच्या यादीपासून आरंभ करतो आणि थोड्याच दिवसांत त्याच्या ध्यानात येते की, चांगली घरे त्या यादीत येण्यापूर्वीच गेलेली असतात. हा अनुभव नवा नाही. घराच्या विक्रीची वार्ता प्रथम कोणाकडे जावी याविषयी या देशात फार जुने नियम होते; ते नियम मोडत गेले, पण त्यांच्यामागील वृत्ती नवीन संस्थांत शिरून राहिली.

१९०९ साली म्हैसूरहून छापून प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे प्रा. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी चिकित्सापूर्वक संपादिलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात वास्तुविक्रयाचे एक प्रकरण आहे. घर, शेत, बाग, तळे या स्थावरांच्या विक्रीत प्रथम नातेवाईक, नंतर शेजारी, नंतर धनको या क्रमाने खरेदीस पुढे यावे आणि यांच्यानंतर बाहेरच्यांनी यावे, असा क्रम तेथे घालून दिला आहे. परंतु क्रम सांगून ग्रंथकार थांबत नाही. शेजारच्या चाळीस कुळांसमोर, विकावयाच्या घराच्या दाराशी उभे राहून घराची घोषणा करावी. या किंमतीस कोणी घेणारा आहे काय, असे तीन वेळा पुकारावे. कोणी हरकत न घेतल्यास खरेदीदारास खरेदी करण्याची मुभा मिळावी, असे तो सांगतो. चढाओढ होऊन किंमत वाढली तर ती वाढ शुल्कासह राजाच्या कोशात जमा व्हावयाची. ज्याने बोली केली तो सात रात्रींत आला नाही तर मालकाने दुसऱ्यास विकण्यास प्रत्यवाय नव्हता. मालक नसता घर विकावयास काढणाऱ्यास चोवीस पणांचा दंड होता.

या व्यवस्थेतील एक कलम विशेष मननीय आहे. चढाओढीने आलेली वाढीव किंमत विकणाऱ्यास मिळत नसेल, तर त्याला चढाओढ हवीशी वाटण्याचे कारण उरत नाही. घोषणेचा हेतू विकणाऱ्यास अधिक पैसा मिळवून देणे हा नव्हताच. हरकत घेणाऱ्याने वेळीच हरकत घ्यावी, ज्याचा हक्क आधीचा त्याला वार्ता आधी कळावी आणि व्यवहार झाल्यानंतर ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्यास कोणाला जागा राहू नये, हा तो हेतू. प्रसिद्धी आणि प्रथमाधिकार ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे होती. अर्थशास्त्रातील सर्वच नियम व्यवहारात पाळले जात असतील असे मानण्याचे कारण नाही. पण नियमकर्त्यास कशाची चिंता वाटत होती, ते त्यावरून निश्चित कळते.

हाच विचार कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेत अधिक सूक्ष्म झालेला दिसतो. ग्राम, ज्ञाती, सामंत म्हणजे सीमेवरील शेजारी आणि दायाद या चौघांची अनुमती, शिवाय सुवर्ण व उदक यांचे दान, अशा सहा गोष्टींनी भूमी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, अशा अर्थाचे एक प्राचीन वचन त्याने विचारात घेतले आहे. वरवर पाहता या वचनाने मालकाचे हात बांधले जातात. विज्ञानेश्वराने मात्र त्याचा अर्थ निराळा लावला. गावाची अनुमती हवी ती व्यवहार उघडपणे व्हावा म्हणून. गावाने नाही म्हटले तर व्यवहारच होऊ शकत नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. सामंतांची अनुमती सीमेचा तंटा उद्भवू नये म्हणून. विभक्त झालेल्या भाऊबंदांची अनुमती, ते खरोखर विभक्त आहेत की नाहीत हा संशय पुढे निघू नये म्हणून. तिच्यावाचूनही व्यवहार सिद्धच होतो. स्थावराचा विक्रय प्रशस्त मानला जात नसल्यामुळे विक्रीलाही दानाचे रूप द्यावे, यासाठी सुवर्ण आणि उदक. येथे एक मोठे स्थित्यंतर घडले आहे. शेजाऱ्याच्या हाती नकार देण्याचा अधिकार राहिला नाही, परंतु त्याला कळविल्यावाचून विकू नये ही मर्यादा राहिली. अनुमती गेली आणि वार्ता उरली.

मराठेशाहीत ही वार्ता गोताच्या मुखाने फिरत असे. वतन, मिरास किंवा घरजागा यांच्या व्यवहारांवर पाटील, कुळकर्णी, बलुतेदार आणि शेजारपाजारचे वतनदार यांची साक्ष पडे. लिहिता न येणारा कुणबी नावापुढे नांगराची निशाणी काढी. खरेदीखतावरील किंवा महजरावरील अशा साक्षींची लांबलचक रांग आजच्या वाचकास कंटाळवाणी वाटते. पण तिचे कार्य केवळ पुराव्याचे नव्हते. इतकी माणसे साक्षीला बसावयाची म्हणजे इतक्या घरांत ती बातमी आधी पोहोचावयाचीच. पुण्यासारख्या वाढत्या शहरात गोताची पकड सैल झाली, तेव्हा सरकारने हे काम कोतवालाकडे सोपविले. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथात पुण्याच्या कोतवालाची जी कर्तव्ये दिली आहेत, त्यांत रस्ते, गल्ल्या व घरे यांसंबंधीच्या तंट्यांबरोबर जागांच्या खरेदीविक्रीकडे लक्ष देणे हेही आहे. शहरात कोण आले, कोण गेले याची नोंद ठेवणाराच घर कोणाचे कोणाकडे गेले याचीही नोंद ठेवी. पेठेत घर हवे असणाऱ्या परक्या माणसाला कोतवालीची वाट धरावी लागली असेल, तर त्यात नवल नाही.

शेजाऱ्याच्या हक्काचे सर्वांत तपशीलवार शास्त्र इस्लामी विधीत तयार झाले. त्याला हकशफा म्हणतात. मराठी विधिग्रंथांत अग्रक्रयाधिकार हा शब्द योजिला जातो. हनफी मताप्रमाणे हा हक्क तीन वर्गांच्या लोकांस आहे : मालमत्तेतील सहभागीदार, वाट, पाणी यांसारख्या अनुषंगिक हक्कांत सहभागी असणारा, आणि लगतचा शेजारी. या हक्काची बजावणी ज्या रीतीने करावी लागते, ती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. विक्री झाल्याची वार्ता कानी पडताच, त्याच क्षणी, हक्कदाराने आपली मागणी उच्चारली पाहिजे. नंतर शक्य तितक्या लवकर विकणाऱ्यासमोर, घेणाऱ्यासमोर किंवा त्या जागेवर जाऊन साक्षीदारांदेखत तिचा पुनरुच्चार केला पाहिजे. पहिल्या मागणीत सबळ कारणावाचून थोडासा विलंब झाला तरी हक्क बुडतो. म्हणजे येथे हक्काचा जन्म आणि मृत्यू दोन्ही वार्तेच्या क्षणाशी बांधले गेले. परिणामी अशा दाव्यांत न्यायाधीशांपुढे मुख्य प्रश्न पुष्कळदा एवढाच असे की, वादीला बातमी केव्हा, कोठे आणि कोणाकडून कळली व ती कळल्यावर तो तत्काळ काय बोलला. घराच्या वार्तेचे असे बारीक पृथक्करण अन्य कोणत्या विधिशास्त्राने केले असेल असे वाटत नाही.

हा हक्क मुसलमानांपुरता राहिला नाही. गुजरातेत, विशेषतः सुरतेसारख्या शहरांत, हिंदूंमध्येही तो रूढीने चालतो हे मुंबईच्या न्यायालयांनी मान्य केले. काशीतील अशाच रूढीचा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली केला. देशावर त्याला तसे स्थान मिळाले नाही. जेथे तो होता तेथे त्याचा उपयोग कशासाठी होई हे लपलेले नाही. पोळात, मोहल्ल्यात किंवा आळीत परक्या जातीचा अथवा धर्माचा मनुष्य येऊ नये, ही त्यामागील प्रबळ प्रेरणा होती. रेवा संस्थानच्या कायद्याचा प्रश्न १९६२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने हीच गोष्ट उघड केली आणि केवळ शेजारीपणाच्या आधारावर असलेला अग्रक्रयाधिकार घटनेने दिलेल्या मालमत्तेच्या तत्कालीन मूलभूत हक्कावरील अवाजवी निर्बंध ठरवून रद्द केला. सहभागीदाराचा हक्क मात्र त्याने वाजवी मानला. कौटिल्याच्या क्रमातील दुसरा मानकरी, म्हणजे शेजारी, अशा रीतीने विधिदृष्ट्या बाहेर पडला.

पहिला मानकरी बाहेर पडला नाही. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने विकत घेऊन वाटणीचा दावा लावला, तर तो हिस्सा ठरेल त्या किंमतीस घेण्याची मुभा १८९३ च्या विभाजन अधिनियमाने कुटुंबीयांस दिली आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २२ व्या कलमाने पहिल्या वर्गातील वारसांस एकमेकांचे हिस्से घेण्याचा प्रथमाधिकार दिला. ज्यांना वारशाच्या घरातील एका भावाचा हिस्सा स्वस्तात मिळाल्याचा आनंद होतो, त्यांनी ही दोन कलमे आधी वाचावीत हे बरे.

इंग्रजी अमलातील खरा बदल न्यायालयांपेक्षा दफ्तरात घडला. १८८२ च्या संपत्ति हस्तांतरण अधिनियमाने शंभर रुपये व त्यावरील मूल्याच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानेच व्हावी असे ठरविले, आणि १९०८ च्या नोंदणी अधिनियमाने आधीच्या कायद्यांची परंपरा पुढे नेऊन दस्तांची पुस्तके व सूची यांची रीत पक्की केली. त्यांपैकी दुसऱ्या क्रमांकाच्या सूचीत मिळकतीचा तपशील असतो. वकिलांच्या आणि दलालांच्या बोलण्यात ‘इंडेक्स टू’ म्हणून जिचा नित्य उल्लेख होतो ती हीच. स्थावरासंबंधीचे पुस्तक व त्याच्या सूची फी भरून कोणालाही पाहता येतात. गोताच्या सभेत जे दहा-वीस जणांस कळे, ते आता तत्त्वतः सर्वांस खुले झाले. अलीकडे तर घरबसल्याही पाहता येते.

मात्र या सुधारणेने वार्तेची वेळ बदलली. कौटिल्याची घोषणा आणि गावाची साक्ष विक्रीच्या आधीची किंवा विक्रीच्या वेळची होती; नोंदणीची प्रसिद्धी विक्रीनंतरची आहे. सूची पाहणाऱ्यास घर कोणी कितीस घेतले हे कळते. कोण विकू इच्छितो हे कळत नाही. फार तर एखादे गहाणखत पाहून तो तर्क करू शकतो. शेजारी दस्तात अजून आहे, नाही असे नाही. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस तमक्याची भिंत, अशी चतुःसीमा खरेदीखतात अजून लिहिली जाते. परंतु ज्याला पूर्वी विचारावे लागे, तो आता केवळ एका दिशेचे नाव होऊन बसला आहे. विक्रीपूर्व वार्तेची जी जागा अशी रिकामी झाली ती कोणी भरली, हा पुढील इतिहासाचा विषय आहे. खाजगी विक्रीत ती दलालाने व वृत्तपत्राने भरली. न्यायालयाच्या विक्रीत मात्र जुनी पद्धती टिकली : १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने जप्तीची आणि लिलावाची जाहिरात मिळकतीच्या ठिकाणी डफ वाजवून किंवा रूढ रीतीने करावी, हुकुमाची नक्कल मिळकतीवर ठळक जागी व न्यायालयात लावावी, असे सांगितले. चाळीस कुळांसमोरील पुकाऱ्याचा हा दूरचा वंशज होय. दवंडी पिटली जाणे हा घरधन्यास अपमान वाटे आणि म्हणूनच, तिची धास्ती घेऊन, दवंडीपूर्वीच पडत्या किंमतीस घर विकून टाकणारे आणि त्याचीच वाट पाहणारे असे दोन्ही प्रकारचे लोक निर्माण झाले.

मुंबईत वार्तेचा प्रश्न निराळ्याच वळणाने गेला. तेथील बहुसंख्य लोक घरमालक नव्हते. चाळीतील भाडेकरू होते. पहिल्या महायुद्धातील १९१८ च्या कायद्यापासून भाड्यावर नियंत्रण आले आणि १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. जागेचे खरे मूल्य आणि तिचे भाडे यांतील अंतर वर्षागणिक वाढत गेले आणि ते भरून काढणारी रक्कम पागडी या नावाने हातोहात फिरू लागली. खोलीचा ताबा सोडणारा भाडेकरू, नवा येणारा आणि घरमालक यांच्यात ती वाटली जाई. कायद्याने पागडी घेणे हा गुन्हा होता. म्हणजे शहरातील घरांच्या देवघेवीचा एक मोठा भाग असा होता की ज्याची जाहिरात देणेच शक्य नव्हते. जी वस्तू वर्तमानपत्रात छापता येत नाही तिची वार्ता माणसांतूनच जावयाची : चाळीच्या भय्याकडून, कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, गिरणीतल्या गाववाल्याकडून, खाणावळीतल्या पंगतीतून. कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या माणसास खोली मिळे ती गावच्या किंवा जातीच्या ओळखीनेच, याचे कारण केवळ आपलेपणा नव्हे. बेकायदेशीर व्यवहारात साक्षीपुराव्याची जागा विश्वासाला घ्यावी लागते आणि विश्वास ओळखीच्या वर्तुळाबाहेर जात नाही. गरिबाच्या संरक्षणासाठी केलेल्या कायद्याने ओळख नसलेल्या गरिबाला घराच्या वार्तेपासून दूर ठेवले, ही त्याची एक उपेक्षित बाजू आहे. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम ३१ मार्च २००० पासून अमलात आला, तेव्हा असा मोबदला घेण्यास कायद्याची मान्यता मिळाली. तोवर वार्तेच्या या गुप्त वाटा अर्धशतकाच्या वहिवाटीने पक्क्या होऊन गेल्या होत्या.

याच शहरात दुसरी एक वाट सनदशीर मार्गाने निघाली. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. भाड्याच्या कोंदट जागेतून मध्यमवर्गीय कुटुंबांस बाहेर काढणारा हा प्रयोग होता आणि त्याचे मोल मोठे आहे. परंतु सहकारी संस्थेत घर विकणे म्हणजे सभासदत्व हस्तांतरित करणे. आणि सभासद कोण व्हावा हे उपविधी ठरवितात. त्यामुळे रिकाम्या होणाऱ्या घराची वार्ता प्रथम संस्थेच्या सूचनाफलकावर, मग सभासदांच्या आप्तांत आणि ज्ञातीच्या मासिकात फिरावी, हे ओघानेच आले. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने पात्र माणसास पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारता येऊ नये असे म्हटले, तरी पात्रता ठरविणारे उपविधी राहिलेच. या प्रश्नाचा निकाल २००५ साली लागला. अहमदाबाद येथील पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व विशिष्ट समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी संघटनास्वातंत्र्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविला. १९६२ चा निर्णय आणि हा निर्णय शेजारी शेजारी ठेवून वाचले म्हणजे विसंगती नजरेत भरते. आळीतील शेजाऱ्याने परक्यास रोखणे अवाजवी. त्याच शेजाऱ्यांनी संस्था नोंदवून परक्यास रोखणे वैध. दोन्ही ठिकाणी वादाचे विधिसूत्र वेगळे होते हे खरे. पण घर शोधीत दारोदार फिरणाऱ्यास सूत्रांतील भेद जाणवत नाही, बंद दार तेवढे जाणवते.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी संगणकावरील याद्या आल्या, तेव्हा ही सारी वर्तुळे मोडतील अशी अपेक्षा होती. ती अंशतःच फळास आली. यादीत नाव घालणारा पुष्कळदा मालक नसून दलाल असतो आणि ज्या घरास यादीवाचून गिऱ्हाईक मिळते त्याची माहिती यादीत घालण्याचे त्याला प्रयोजन नसते. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने नोंदणी झाल्यावाचून नव्या प्रकल्पाची जाहिरात करू नये व दलालांनीही नोंदणी करावी असे बंधन घातले; जुन्या घराच्या खाजगी विक्रीची वार्ता मात्र पूर्वीसारखीच मोकळी आहे, म्हणजे पूर्वीसारखीच बंदिस्त आहे.

याद्यांबाहेर जी वार्ता कायद्याच्या सक्तीनेच प्रसिद्ध होते, ती आजही बव्हंशी वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर सापडते. २००२ च्या कर्जवसुली कायद्याखालील नियमांप्रमाणे बँकेने तारण घराचा ताबा घेतल्याची सूचना आणि लिलावाची जाहिरात दोन प्रमुख वृत्तपत्रांत द्यावी लागते व त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असावे लागते. मराठी दैनिकांच्या शेवटच्या पानांवर बारीक ठशांत येणाऱ्या या सूचनांत चतुःसीमेसह घराचा पूर्ण तपशील असतो, तसा तो कोणत्याही यादीत नसतो. त्यांच्याच शेजारी सॉलिसिटरांच्या जाहीर नोटिसा असतात : अमुक सदनिका आमचे पक्षकार खरेदी करीत आहेत, कोणाचा हक्क, हितसंबंध किंवा बोजा असल्यास चौदा दिवसांत कळवावे. अशा नोटिशीची सक्ती कायद्यात नाही. वहिवाटीने ती रूढ झाली आहे. खरेदीदारास तिचा उपयोग थोडा, कारण तोवर सौदा ठरलेला असतो. परंतु हरकत घेणाऱ्याने वेळीच पुढे यावे, मागाहून ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणू नये, या हेतूने विज्ञानेश्वराच्या गावकऱ्यांना जे काम दिले गेले होते, तेच काम ही चौदा दिवसांची नोटीस कोणाचीही अनुमती न मागता करीत असते.